वजनकाट्यावरचं उसनं पाणी

मा. पी. टी. उषा,
अध्यक्ष, भारतीय ऑलिम्पिक संघटना यांस



लॉस एंजेलिसला जाऊन धावणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ऑगस्ट १९८४ मध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत आपली वेळ ५५.४२ सेकंद नोंदली गेली आणि कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. तिथल्या क्रीडाग्रामात आपल्या तोंडी बसेल असं अन्न नव्हतं, पेज आणि लोणच्यावर भागवावं लागलं आणि शेवटच्या काही मीटरमध्ये त्याचा फटका बसला, हे आपणच पुढे सांगितलं आहे. १४ जुलै २०२८ ला त्याच शहरात पुन्हा ऑलिम्पिक सुरू होईल. या खेपेला पथकाच्या जेवणाची आबाळ होणार नाही, अशी माझी खात्री आहे. मी लिहितोय ते तिथलं पहिलं जेवण पानात पडण्याआधीच्या वीस-बावीस तासांबद्दल. ते तास खेळाडू विमानाच्या खुर्चीत काढणार आहेत, आणि त्या तासांचा विचार आपल्याकडे तिकिटं काढणारा माणूस करतो, खेळाडूचं शरीर ओळखणारा नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येतात ते मुख्यतः कुस्तीगीर आणि धावपटू. पत्र मराठीत आहे, कारण मला याच भाषेत नीट भांडता येतं, आणि तालमीतले वस्ताद व खेळाडूंचे आईवडीलही ते वाचतील अशी आशा आहे.

परदेशी निघालेल्या खेळाडूला विमानतळावर सोडायला आलेला प्रत्येक जण एकच सल्ला देतो: “पाणी भरपूर पी.” सल्ला वाईट नाही, पण त्यामागचं कारण बहुतेकांच्या डोक्यात चुकीचं असतं. विमानाच्या आतली हवा कोरडी असते हे खरंच आहे. बाहेरच्या उणे पन्नास अंशांच्या हवेत बाष्प जवळजवळ नसतं, तीच हवा आत घेऊन गरम केली जाते, त्यामुळे आतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खालीच राहते. वर आतला दाबही जमिनीवरचा नसतो. तो ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवतात. आपल्या कळसूबाईची उंची सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच माथ्याच्याही वर खेळाडू पंधरा-सोळा तास बसून असतो. ओठ फुटतात, नाक आतून खरखरीत होतं, डोळे चुरचुरतात. मग वाटतं, अंगातलं सगळं पाणी हवेने ओढून घेतलं.

तसं होत नाही. कोरड्या हवेमुळे स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून जास्तीचं जे पाणी जातं, त्याचा हिशेब पेल्या-दोन पेल्यांपलीकडे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेचंही प्रवाशांना सांगणं असंच आहे की, ही कोरडी हवा त्रासदायक असली तरी तिने शरीर आतून सुकत नाही. खेळाडू कमी पडतो तो पिण्यात. खिडकीजवळची जागा मिळालेली असते, शेजारचे दोघे झोपलेले असतात, स्वच्छतागृहापुढे रांग असते. आपल्या पोरांना ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून अनोळखी माणसाला उठवण्याचा संकोच वाटतो, पोरींना त्याहून जास्त. मग ते काय करतात? पाणीच पीत नाहीत. लहानपणी शाळेत स्वच्छतागृह धड नसायचं म्हणून मुली दिवसभर पाणी टाळायच्या, तीच सवय विमानात कामाला येते. सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी भरलेली बाटली काढून घेतलेली असते आणि विमानात मिळणारा पेला दोन घोटांचा. उतरल्यावर लघवी गडद पिवळी होते आणि डोकं धरतं.

ही झाली पाण्याची अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी पायांत असते आणि तिच्याबद्दल निरोप देणारं कुणीच बोलत नाही.

चालताना पोटरीचे स्नायू आकसतात आणि नीलांमधलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. खुर्चीत बसलं की हे काम थांबतं. गुडघे दुमडलेले, मांडीच्या मागच्या बाजूला खुर्चीची कड रुतलेली, पाय खाली लोंबते. घोट्याजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि भरलेल्या माठातून पाणी बाहेर पाझरावं तसं रक्तातलं पाणी आजूबाजूच्या मांसात उतरतं. काही तासांनी मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उठतो, नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो, बूट घालताना नाड्या सैल कराव्या लागतात. विमानप्रवासाची नक्कल करून निरोगी माणसांना बारा तास खुर्चीत बसवण्याचे प्रयोग झालेले आहेत. त्यांत लिटरभराच्या घरात पाणी अंगात राहिलेलं आढळलं. त्यातलं डोळ्यांना दिसणारं पायांतलं पाणी थोडं; बाकीचं अंगभर पसरलेलं.

म्हणजे विमानातून उतरणाऱ्या खेळाडूची अवस्था विचित्र असते. तोंड कोरडं, लघवी कमी आणि गडद, पण वजनकाट्यावर उभा राहिला तर निघतानापेक्षा जड. पाणी अंगात आहे, फक्त जिथे हवं तिथे नाही. भालाफेक करणाऱ्याला किंवा हॉकीपटूला याचा फारसा फरक पडत नाही. दोन दिवसांत पाय हलके होतात. पण कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो, तायक्वांदो, भारोत्तोलन यांत खेळाडू आधी काट्याशी लढतो आणि मग माणसाशी. अशा खेळाडूला तो वाढलेला आकडा दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो.

त्या आकड्यात पायांतल्या पाण्याखेरीज आणखी बरंच काही असतं. विमानातलं जेवण खारट असतं, कारण त्या उंचीवर आणि त्या घरघरीत जिभेला चव कमी कळते आणि स्वयंपाकी मीठमसाला वाढवतात. मिठाबरोबर पाणी थांबतं. दोन दिवस सराव नाही आणि भात, पाव, रस चालू आहे, तर ते पिष्ट स्नायूंत साठतं, आणि साठलेल्या दर ग्रॅमपाठी सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत ठेवतं. हा साठा खरं तर खेळाडूच्या कामाचा असतो, लढतीत तोच जळतो. प्रवासात पोट साफ होत नाही, तेही वजन काट्यावर दिसतं. मुलींची पाळी त्याच आठवड्यात येणार असेल तर त्याआधीचं पाणी वेगळं. पोट फुगतं ते मात्र हवेने. आतला दाब कमी झाल्यामुळे पोटातला वायू तिसऱ्या हिश्श्याने प्रसरण पावतो. त्याने पँटचं बटण लागत नाही, पण वजन एक ग्रॅमही वाढत नाही. घाबरायला मात्र तेवढं पुरतं.

या सगळ्यात चरबी कुठेच नाही. विमानात कुणी दीड किलो चरबी चढवू शकत नाही. त्यासाठी दहा-अकरा हजार कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील. हे उसनं पाणी आहे. रात्री आडवं झालं, दुसऱ्या दिवशी चाललं-पळालं की ते रक्तात परत येतं आणि लघवीवाटे निघून जातं. एक-दोन रात्री लागतात, कधी तीन.

त्या रात्री हाताशी असल्या तर. माझ्याकडे येणारा एक तरुण मल्ल परदेशातल्या स्पर्धेला गेला होता. तिकिटं स्वस्त पडावीत म्हणून दोन ठिकाणी विमान बदलायचं होतं, एका विमानतळावर रात्र बाकावर गेली आणि पोहोचला तो वजनाच्या आदल्या संध्याकाळी. काट्यावर दीड किलोच्या आसपास जास्त. घरून निघताना तो वजनात होता. सोबतच्या मार्गदर्शकाने जे त्याला माहीत होतं ते केलं: अंगावर प्लॅस्टिक, त्यावर दोन स्वेटर, हॉटेलच्या जिन्यावर चढ-उतर, पाणी बंद, थुंकत राहायचं. सकाळी वजन भरलं. पहिल्या लढतीत दुसऱ्या डावाला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. लक्षात घ्या, घामावाटे गेलं ते रक्तातलं पाणी आणि मीठ. पायांत साठलेलं जाग्यावरच होतं. आधीच ज्या रक्तात पाणी कमी होतं, त्यातूनच आणखी उपसलं. पोरगं हरलं याला त्याचा खेळ जबाबदार होता की तिकीट, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण दोन दिवस आधी पोहोचला असता तर जिना चढावा लागला नसता, एवढं सांगू शकतो.

काट्याची धास्ती म्हणजे काय, हे ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी अख्ख्या देशाने पाहिलं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट आदल्या दिवशी तीन लढती जिंकून अंतिम फेरीत गेली होती, त्या दिवशीचं वजनही बरोबर भरलं होतं. दुसऱ्या सकाळी ५० किलोच्या गटात ती १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. रात्रभर घाम गाळला, केस कापले, तरी १०० ग्रॅम उरलेच. त्यात विमानाचा काही संबंध नव्हता, आणि तिचं उदाहरण मी तसं वापरणार नाही. त्यानंतर दोनच दिवसांत अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी दहा तासांत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवल्याच्या बातम्या आल्या, त्यावर टाळ्याही पडल्या. मला त्या टाळ्यांची भीती वाटते. एका रात्रीत किलो-किलोने सरकतं ते पाणी, हे ज्याला कळलेलं नसतं तो गावाकडचा वस्ताद असल्या बातमीतून भलताच धडा घेतो. शिवाय पॅरिसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तासच मागे होतं. लॉस एंजेलिसचं जुलैमध्ये साडेबारा तास मागे असेल. दिवसाची रात्र झालेल्या शरीरात लघवीचं, भुकेचं, झोपेचं सगळंच वेळापत्रक उलटं चालतं. तिथे एका रात्रीत काही उतरवायची वेळ आपण आणूच नये.

वेळ आली की जे सोपे मार्ग सुचतात, त्यांतले दोन खेळाडूला थेट घरी पाठवणारे आहेत. हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण दोन्ही आपल्या घराघरांत बसलेले आहेत.

पहिला, पाणी उतरवायची गोळी. पायावर सूज आली की आजोबांना डॉक्टर देतात ती. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांतही तसलंच औषध मिसळलेलं असतं. लघवी जास्त करवणारी ही औषधं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत कायम बंदीची आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. एक तर वजन फसवून उतरवता येतं म्हणून, आणि दुसरं म्हणजे इतर औषधांच्या खुणा लघवीत पातळ होतात म्हणून. २००३ च्या विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेत पोहोचलेला शेन वॉर्न पहिल्या सामन्याआधी परत गेला आणि वर्षभर खेळाबाहेर राहिला, तो अशाच एका गोळीने. जरा बारीक दिसावं म्हणून आईने दिली होती, असं त्याचं म्हणणं होतं. जगातल्या सर्वोत्तम लेगस्पिनरला जी सबब उपयोगी पडली नाही ती आमच्या शिरोळच्या किंवा इंदापूरच्या पोराला पडणार नाही. सुजलेले पाय बघून प्रेमाने गोळी पुढे करणारा माणूस पथकात असतोच. बहुधा तो वयाने मोठा आणि शब्द न मोडता येणारा असतो.

दुसरा मार्ग आहे सलाईन. आपल्याकडे थकवा आला, ताप आला, नातेवाईक लांबून आले, कशालाही सलाईन लावतात. गावातल्या दवाखान्यात बाटली टांगल्याशिवाय पेशंटला बरं वाटत नाही. त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर गळून गेलेल्या खेळाडूला ‘एक बाटली लावून घे, ताजातवाना होशील’ असं सांगणारे भेटतात आणि सांगणाऱ्याचा हेतू शंभर टक्के चांगला असतो. नियम असा आहे की, रुग्णालयातले रीतसर उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानाच्या तपासण्या सोडल्या तर बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं ही बंदी असलेली पद्धत आहे. बाटलीत निव्वळ मीठपाणी असलं तरीही. औषधाचं नाव तपासून बघायची सवय आता बऱ्याच खेळाडूंना लागली आहे. पण साधं मीठपाणीसुद्धा सुईतून गेलं तर गुन्हा ठरतो, हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या बहुतेकांना नवीन होतं. आपल्या कार्यालयातून फक्त हे एक वाक्य बारा-तेरा भारतीय भाषांत प्रत्येक तालमीत आणि अकादमीत लावलं गेलं, तरी पत्राचं सार्थक झालं म्हणेन.

तोंडाने पिण्याला कुणाची बंदी नाही. मग प्यायचं किती? जागेपणी तासाला एक पेला, दीडशे-दोनशे मिलिलिटर, एवढं बहुतेकांना पुरतं. झोप लागली असेल तर पाण्यासाठी उठवू नये. झोप जास्त मोलाची. मोठी रिकामी बाटली सोबत न्यावी आणि तपासणी झाल्यावर विमानतळावर भरून घ्यावी. याच्या उलट ‘चार लिटर संपवायचेच’ म्हणून ढोसत बसणारेही मी पाहिलेत. नुसतं पाणी एकदम पोटात गेलं की मूत्रपिंडं ते लगेच बाहेर टाकतात; खेळाडूची झोप मोडते, शेजाऱ्याची शिव्याशाप देऊन मोडते आणि रक्त होतं तसंच राहतं. अति पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होणं हा विनोदाचा विषय नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं होतं. त्यामागचं मोठं कारण होतं धावताना गरजेपेक्षा जास्त पिणं.

पाणी रक्तात टिकायचं तर सोबत थोडं मीठ आणि थोडी साखर लागते. त्यासाठी ओआरएसची पुडी पुरेशी आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेच्या पाण्यावर जगवून दाखवलं, त्याच विद्येची ती पुडी. तपासणीत पावडर अडत नाही, किंमत चहाच्या दोन कपांची. मात्र वजनगटातल्या खेळाडूने विमानाचं खारट जेवण, वर लोणचं, वेफर्स आणि पुन्हा दोन-दोन पुड्या असं करू नये. लांब पल्ल्याच्या धावपटूला मीठ थोडं जास्त झालं तर चालतं, पन्नास किलोच्या मल्लाला चालत नाही. दोघांना एकच छापील सूचनापत्र देण्यात अर्थ नाही, तो यासाठी. आपली ती पेज, कोकणात आम्ही तांदळाची पेज मीठ घालून आजाऱ्याला देतो तीच, उतरल्यावरच्या पहिल्या दिवसासाठी मला कुठल्याही रंगीत पेयापेक्षा बरी वाटते. शर्यतीच्या दिवसासाठी ती अपुरी पडली, हे आपलं दुखणं अगदी खरं. पण पहिल्या दिवशी तिच्यात पाणी, पिष्ट आणि मीठ तिन्ही असतात आणि ती पोटाला जड होत नाही. चहा-कॉफीने अंग सुकतं हा समज मात्र सोडून द्यावा. रोज दोन कप घेणाऱ्याला विमानातल्या दोन कपांनी काही होत नाही. झोपेची वेळ सांभाळली म्हणजे झालं.

पायांसाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे. लांबच्या विमानप्रवासात त्यांनी सूज कमी होते, आणि लक्षणं न दाखवणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या कमी होतात यावर तर चांगल्या प्रतीचा पुरावा आहे. गुठळीचा धोका एरवी फार लहान. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांब प्रवासात तो दुपटीच्या आसपास जातो, तरी सहा हजारांत एकाच्या घरातच राहतो. पण गुडघ्याला ताजी दुखापत असलेला, नुकती शस्त्रक्रिया झालेली, पाळी पुढे ढकलायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणारी, सव्वासहा फूट उंचीचा, अशांना तो सगळ्यांइतका लहान नसतो. सेरेना विल्यम्सला २०११ मध्ये पायावरच्या शस्त्रक्रियांनंतर फुप्फुसात गुठळ्या झाल्या होत्या. तिच्यासारख्या काटक शरीरालाही. मोजे मापाने घ्यावे लागतात. पोटरी आणि घोटा टेपने मोजून, सकाळी, सूज नसताना. पथकाच्या कपड्यांची मापं घेतात त्याच दिवशी हीही घ्यावीत. ठोकळ मापाचे मोजे मल्लांच्या पोटरीवर चढत नाहीत आणि चढले तर गुडघ्याखाली गुंडाळी होऊन उलट रक्त अडवतात.

आता तिकिटांकडे येतो. २०१६ मध्ये रिओला जाताना छत्तीस तासांचा प्रवास इकॉनॉमीत बसून करावा लागला, झोप झाली नाही आणि पदाधिकारी मात्र बिझनेस क्लासने जातात, ही तक्रार धावपटू द्युती चंदने उघडपणे केली होती. तिची वेळ त्यामुळे खराब लागली असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण आडवं झोपता आलं की घोट्याजवळचा दाब उतरतो, पाणी पायांत साठत नाही, हे शरीरशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं पुस्तकही सांगेल. सगळ्या पथकाला पुढे बसवा, असं मी म्हणत नाही. पैशांचं मला कळतं. जेवढ्या जागा पुढच्या मिळतील, तेवढ्या पदाप्रमाणे न वाटता शरीराप्रमाणे वाटाव्यात एवढंच म्हणतो: ज्यांची स्पर्धा सगळ्यात आधी, ज्यांचं वजन काट्याच्या कडेवर, ज्यांच्या पायाला दुखापत, ज्यांची उंची खुर्चीत मावत नाही. उरलेल्यांना निदान वाटेकडेची जागा. तिला बहुधा जास्तीचा पैसाही लागत नाही, फक्त कुणीतरी आधी लक्ष घालून ती राखून ठेवावी लागते. वाटेकडे बसलेला खेळाडू उठतो, चालतो आणि पाणी पितो, कारण त्याला कुणाची परवानगी मागावी लागत नाही.

आमच्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले, तेव्हा प्रवासखर्चासाठी गावोगाव वर्गणी झाली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक त्या पैशांवर आलं. आज खेळाडूला पाठवण्यासाठी कुणाला घर गहाण टाकावं लागत नाही, सरकार पैसे देतं, चांगले देतं. त्यामुळे ‘पाठवलं हेच खूप’ हा सूर आता शोभत नाही, आणि तो अजून कधीकधी ऐकू येतो.

पोहोचल्यावरच्या दिवसांबद्दल माझं म्हणणं थोडक्यात असं. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं. साडेबारा तासांसाठी बारा-तेरा दिवस हवेत, आणि ते दिले तर पाण्याचा प्रश्न त्यात आपोआप मिटतो. एवढे दिवस मिळाले नाहीत तरी वजनगटातल्या खेळाडूला काट्याआधी तीन पूर्ण रात्री मिळाल्याच पाहिजेत. उतरल्या दिवशी जोराचा सराव नको. छातीइतक्या पाण्यात अर्धा तास चालणं सगळ्यात उत्तम; बाहेरच्या पाण्याचा दाब पायांतलं पाणी वर ढकलतो आणि तासाभरात लघवीला होतं. तरणतलाव नसेल तर भिंतीला पाय लावून वीस मिनिटं पडून राहावं, योगवर्गात शिकवतात तसं. आणि पहिल्या दिवशी काट्यावर उभं राहायला बंदी असावी. डॉक्टरने किंवा फिजिओने वजन घेतलं तरी आकडा खेळाडूला दाखवू नये. बीडच्या अविनाश साबळेसारख्या स्टीपलचेस धावपटूपुढे काटा नसतो, पण जड पोटरीने अडथळ्यावरून पाण्यात उडी टाकली तर घोटा कसा पडेल याची चिंता असतेच; त्यालाही हाच पहिला दिवस लागू.

आपल्याकडून मला नवं काहीच उभारून नको आहे. ऑलिम्पिकच्या आधी हे खेळाडू शिबिरांसाठी, विश्वचषकांसाठी, आशियाई स्पर्धांसाठी लांबचे प्रवास करणारच आहेत. प्रत्येक प्रवासाआधी आठवडाभर रोज सकाळी लघवी करून आल्यावरचं वजन, निघण्यापूर्वी आणि उतरल्यावर घोट्याचा घेर, पहिल्या तीन सकाळचं वजन आणि लघवीची घनता, एवढं एका पानावर लिहून ठेवावं. साधा काटा, शिंप्याचा टेप आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्ट्या, सामान एवढंच. चार-पाच प्रवासांत कळेल की, हिला सातशे ग्रॅम चढतात आणि दुसऱ्या सकाळी उतरतात, त्याला दीड किलो चढतात आणि तीन दिवस राहतात. त्यावरून कुणी कधी निघायचं ते ठरवावं आणि मग तिकीट काढणाऱ्याला सांगावं. परदेशी तज्ज्ञांचे सरासरी आकडे आपल्याला वाट दाखवतील. पण सांगलीच्या एखाद्या मुलीचा घोटा त्यांनी मोजलेला नाही. हे पान त्या-त्या खेळाच्या संघटनेने भरावं आणि पथक ठरण्याच्या बैठकीत ते टेबलावर असावं, असा एक आदेश आपण काढू शकता. त्याला निधी लागत नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर

ता. क. लघवीचा रंग बघून पाणी किती प्यायचं ते ठरवायला खेळाडूंना शिकवलं जातं, ते योग्यच आहे. फक्त त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या बंद ठेवायला सांगावं. त्यांनी लघवी हळदीसारखी पिवळी होते, आणि पोरं घाबरून बाटल्यांवर बाटल्या रिचवत बसतात.